एकच प्रत

३ फेब्रुवारी

आले एकदाची. खोली वरच्या मजल्यावर आहे आणि मी मनात धरली होती त्यापेक्षा पुष्कळ बरी निघाली. टेबल डुगडुगत नाही. पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास ठेवून पाहिला, थेंबही सांडला नाही. खिडकी डावीकडे असल्यामुळे लिहिताना हाताची सावली कागदावर पडत नाही. खाली रस्ता आहे, पलीकडे सायकल दुरुस्तीचं दुकान आणि त्याच्या पायरीवर एक मांजर. एकूण मी मजेत आहे. हे मी सहसा लिहीत नाही.

संपादिकाबाई खालच्या मजल्यावर राहतात. त्या कुठल्याही प्रकाशनाच्या नोकरीत नाहीत, स्वतंत्र काम करतात, आणि एका वेळी एकच कादंबरी हातात घेतात. अट एवढीच, की काम संपेपर्यंत लेखकाने या वरच्या खोलीत राहायचं. पत्रापत्रीने पुस्तक सुधारत नाही, आणि फोनवरून तर माणूसही सुधारत नाही, असं त्या म्हणाल्या. मोजमापाची उपकरणं तपासणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेतून मी महिन्याची बिनपगारी रजा काढली आहे. कादंबरी कामावरून आल्यावर संध्याकाळी लिहिलेली आहे. ती चांगली व्हावी, बाकी मला काही नको.

निघताना आई काही बोलली नाही. आई काळजीत असली की गप्प होते. मावशी काळजीत असली की भांडी बोलतात. आज स्वयंपाकघरात फार बोलली भांडी. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडेच आहे, आम्हा दोघी बहिणींना त्या दोघींनी मिळून वाढवलं. मनगटावर इस्त्रीने भाजल्याचा जुना डाग आहे तो हात पुढे करून तिने डबा दिला. शहाणे, पुस्तकं लिहिणाऱ्यांनाही भूक लागते, म्हणाली.

धाकटी स्टँडवर आली होती. चहात तीन चमचे साखर घातली, शेवटचा घोट नेहमीप्रमाणे कपात ठेवला, आणि शेजारच्या अनोळखी बाईंना सांगून टाकलं की आमच्या ताईला मिठी मारली की ती आधी तापमान सांगते. थर्मामीटर हे माझं नाव तिनेच पाडलेलं. १ मार्चला ती मला भेटायला इकडे येणार आहे. मी हो म्हटलं. हसलेही असावे.

४ फेब्रुवारी

पहिली बैठक. बाईंच्या जेवणाच्या टेबलाला एकच खुर्ची आहे. फरशीवर मात्र आणखी खुर्च्या सरकून पडलेले चरे दिसतात. माझ्यासाठी त्यांनी मोरीतलं स्टूल पुसून आणलं.

कादंबरीत एक मुलगी आहे, तिची धाकटी बहीण, आई, मावशी, आणि मुलीच्या कामावरची माणसं. हे माझं आत्मचरित्र नाही, असं मी आधीच सांगून टाकलं. बाईंनी मान डोलावली. सगळेच असं सांगतात, आणि सगळ्यांच्या पुस्तकातल्या आईच्या चष्म्याची काडी घरच्या आईच्या चष्म्यासारखीच, त्याच बाजूला मोडलेली असते, म्हणाल्या.

त्या पेन्सिलीने काम करतात. म्हणाल्या, पुस्तक म्हणजे बस नव्हे. उभं राहायला जागा आहे म्हणून कुणालाही आत घ्यायचं नाही.

मी माझी पद्धत सांगितली. आमच्याकडे कामाच्या कुठल्याही कागदाची एकच प्रत चालते. सुधारणा झाली की नवी प्रत छापायची आणि जुनी त्याच दिवशी फाडायची, कारण दोन प्रती राहिल्या की कुणीतरी चुकीची उचलतो. संगणकावरही तसंच, नवी जुन्यावरच साठवायची. कादंबरीचंही मी तेच करणार. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. म्हणाल्या, बाकीचे लेखक जुनी पानं गादीखाली लपवतात हो. आणि जुनी पानं राहिली, की त्यातली माणसं घर सोडत नाहीत.

मी ते कौतुक समजले.

७ फेब्रुवारी

कामावरच्या प्रकरणात दोन माणसं आहेत. खऱ्यातलीच उचललेली आहेत, नाकारण्यात अर्थ नाही. लंबू ताडमाड उंच आहे आणि आठवडाभर एक शब्द बोलत नाही. रेडिओ माझ्या खांद्याएवढा आहे आणि जीभ टाळ्याला लावत नाही. कादंबरीत दोघेही नायिकेला वेळेवर घरी जायला सांगतात. बाई म्हणाल्या, एका कामाला दोन माणसं कशाला? याची उंची ठेवा, त्याची जीभ ठेवा, एक गडी करा.

मी संध्याकाळपर्यंत केला. प्रकरण आटोपशीर झालं आणि खरोखरच सुधारलं. जुनी पानं फाडली.

१० फेब्रुवारी

कपाटाची किल्ली कुठे आहे विचारायला लंबूचा फोन. किल्लीचं बोलून झाल्यावर साहेबांचा नवा चष्मा, कँटीनची भांडणं आणि स्वतःची अक्कलदाढ यांवर बराच वेळ बोलला. तो असाच आहे, म्हणून तर आम्ही त्याला रेडिओ म्हणतो.

त्याच्या शेजारचं टेबल रिकामं आहे आणि ते कुणाचं हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणाला. खुर्चीवर एक स्वेटर आहे, पण त्याला तो पोटापर्यंतही येत नाही. वॉचमनला देऊन टाक, असं मी सांगितलं.

१३ फेब्रुवारी

आज वाद झाला. बाईंचं म्हणणं, आई आणि मावशी एकच काम करतात. दोघी वाढवतात, दोघी रागावतात, दोघी दाराशी वाट बघतात. मी म्हटलं, एक गप्प आहे, दुसरी तोंडाळ आहे. त्या म्हणाल्या, अहो, एकाच बाईत दोन्ही मावतं, आणि तशी बाई जास्त खरी वाटते. वाचकाला दोन-दोन माया दिल्या की तो एकीवरही जीव लावत नाही.

मी जमणार नाही म्हटलं. मग त्यांनी स्वतः एक प्रकरण जोडून दाखवलं. मोठ्याने वाचलं. माझ्या मूळ प्रकरणापेक्षा ते चांगलं होतं, आणि ते मला नाकारता येईना. आकडा बरोबर आला की मी सही करते. तिथे माझ्या आवडीनिवडीचा प्रश्न नसतो.

पानं खूप आहेत. काही दिवस जातील.

१८ फेब्रुवारी

रविवारचा घरचा फोन. आई आज जोरजोरात बोलत होती, मागे भांडी आपटत होती, मग मध्येच गप्प झाली. ती तशीच आहे. व्हिडिओवर मनगटाचा इस्त्रीचा डाग दाखवून म्हणाली, थंडीने हा फार ठणकतो गं हल्ली. आणि सकाळी चहाचा एक कप जास्त ओतला जातो. सवय कसली कोण जाणे. पाहुण्यांच्या पलंगावरची चादर रोज चुरगळलेली असते, म्हणून धाकटीला ओरडते, ती म्हणते मी नाही झोपले तिथे.

धाकटीने फोन ओढून घेतला. थर्मामीटर, आजचं रीडिंग काय? मी म्हटलं, सामान्य.

मागचं काम कालच संपवलं. शेवटचं पान फाडताना कागद थोडा अडकला होता. आता बाई पहिल्या प्रकरणापासून पुन्हा पानं देत आहेत. बदल बारीक असतात, पानात एखाद-दुसरं वाक्य. मी न वाचताच टाइप करते, छापते, जुनं फाडते. असं केल्याने वेग पुष्कळ वाढला आहे.

२२ फेब्रुवारी

प्रयोगशाळेत अधूनमधून मागच्या नोंदी तपासायच्या असतात. त्या सवयीने आज ही रोजनिशी पहिल्यापासून वाचली.

३ तारखेला मी लिहिलं आहे की मला मावशीने डबा दिला. मला मावशी नाही. आई एकटीच आहे, तिला बहीण नव्हती. अक्षर माझं आहे, शाई माझ्या पेनाची आहे. इस्त्रीचा डाग मावशीच्या मनगटावर आहे असंही मीच लिहिलं आहे. आणि ७ तारखेला लंबू आणि रेडिओ ही दोन माणसं आहेत.

दोन मापं जुळत नसतील तर आधी आपलं उपकरण तपासायचं. ताप नाही. नाडी नेहमीसारखी. प्रयोगशाळेतल्या सगळ्यांचे वाढदिवस आठवतात.

मग आईला फोन केला. विचारलं, तुला बहीण होती का? ती एवढा वेळ गप्प राहिली की फोन कटला असं वाटलं. मग भांडं पडल्याचा आवाज आला. नाही गं, म्हणाली, मी एकटीच. आणि नंतर म्हणाली, पण माझ्या डोळ्यांतून पाणी का येतंय, शहाणे?

मला भीती वाटायला हवी. नाडी पुन्हा मोजली. तेवढीच.

फाडलेली पानं कचऱ्याच्या गाडीत केव्हाच गेली.

२३ फेब्रुवारी

मावशीला परत लिहिलं. मला ती आठवत नाही, त्यामुळे रोजनिशीत जेवढं आहे तेवढंच घेतलं. मनगटावर डाग. हातात डबा. शहाणे, पुस्तकं लिहिणाऱ्यांनाही भूक लागते. एक पान झालं. छापून प्रतीत लावलं.

२४ फेब्रुवारी

आईचा फोन, एकदम हळू आवाजात. सकाळपासून एक बाई उंबऱ्यावर येऊन बसली आहे. हातात डबा आहे. कुणी जवळ गेलं की मनगट पुढे करते आणि म्हणते, शहाणे, पुस्तकं लिहिणाऱ्यांनाही भूक लागते. नाव विचारलं तरी तेच. कुठून आलात विचारलं तरी तेच. धाकटीने पाणी नेऊन दिलं, तर त्या पेल्याचं काय करायचं हेच तिला कळेना.

चेहरा कसा आहे, मी विचारलं. आई म्हणाली, बघते तेव्हा असतो, मान वळवली की नसतो.

चेहरा मी लिहिलेला नाही.

आई म्हणाली, मला तिची भीती वाटते, आणि तिला हाकलवतही नाही. तिच्या शेजारी जाऊन बसावंसं वाटतंय.

मी ते पान काढलं. फाडलं.

संध्याकाळी धाकटीने कळवलं, बाई गेली. डबा राहिला. उघडून पाहिला तर आत काहीच नव्हतं, खरकटंसुद्धा नाही. डब्यात काय होतं तेही मी कुठे लिहिलं नव्हतं.

२५ फेब्रुवारी

बाईंना सरळ विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. एकुलत्या खुर्चीत बसून शेंगा सोलाव्यात तशी पेन्सिल तासत होत्या.

म्हणाल्या, माझंही एक पुस्तक होतं. सुधारत गेले, सुधारत गेले. फार घट्ट झालं. शेवटी टेबलाला एक खुर्ची पुरायला लागली. बस चुकली असं सांगावं तसं सांगितलं. दुःख वगैरे काही दिसलं नाही. मी विचारलं, वाईट नाही वाटत? त्यांनी खरोखर आठवून पाहिलं. ज्यांना वाटलं असतं ती माणसं आता पुस्तकात नाहीत हो, म्हणाल्या.

मी म्हटलं, माझं काम थांबवा. त्या म्हणाल्या, थांबवायचं काय त्यात, लेखिकाबाई? काम तर तुम्हीच केलंत. मी फक्त पेन्सिल लावली. पानं तुम्ही फाडलीत.

आणि मग: आता एकच गोष्ट राहिली आहे. दोन बहिणी. थोरली बघते, धाकटीला वाटतं. बघणं आणि वाटणं, एका माणसाचं काम आहे ते. पहिल्या प्रकरणापासून जोडत आणलंय मी. शेवटचं प्रकरण राहिलं. दोघींतली कोण ठेवायची ते लेखिकेने ठरवायचं असतं. त्यात मी पडत नाही.

वर येऊन प्रत वाचली. १८ तारखेपासून न वाचता टाइप केलेली सगळी पानं. थोरली हसते आहे. धाकटी खिडकीची लांबी मोजते आहे. मी मूळ काय लिहिलं होतं ते आठवत नाही, पण हे नव्हतं.

२६ फेब्रुवारी

सकाळचा चहा प्याले. कप विसळायला गेले तर तळाशी शेवटचा घोट ठेवलेला. साखरेच्या डब्यातला चमचा ओला. मी साखर घेत नाही.

धाकटीचा फोन. खोलीत किती अंश आहेत ते दशांशासकट सांगितलं. मस्करी नव्हती. मग म्हणाली, ताई, दोन दिवस झाले, मला कशाचंच काही वाटत नाहीये. काल मांजर गाडीखाली आलं समोर, आणि मी गाडीचा नंबर वाचला. मला काय होतंय गं?

ताप बघ, म्हटलं.

बघितला, म्हणाली. सामान्य.

 फोन ठेवल्यावर बराच वेळ रडले. हे रडणं माझं नाही. तिचं आहे, माझ्याकडे आलेलं.

पूर्ण प्रत फाडावी का? एकच आहे. तिच्यात आई आहे. नाही.

आहे तसंच सोडावं का? अर्धवट जोडलेलं यंत्र चालतही नाही आणि सुटंही होत नाही. ती जन्मभर नंबर वाचत राहील. मी जन्मभर दुसऱ्याचं रडत राहीन.

२७ फेब्रुवारी

ती १ तारखेला येणार. त्याच्या आत व्हायला हवं. अर्धी मुलगी प्रवासाला निघू नये.

शेवटचं प्रकरण लिहिलं. धाकटी ठेवली.

थोरलीला जे येत होतं ते तिला दिलं: नीट बघणं, टेबल डुगडुगतं का ते तपासणं. वाटणं तिचं तिलाच परत केलं, सगळं. साखर तिला दिली. आईही तिलाच.

बाईंनी वाचलं. पेन्सिल कुठेच टेकवली नाही. आता झालं पुस्तक, म्हणाल्या. फार चांगलं झालं आहे. ते खरं आहे, मीही वाचलं.

मला काही वाटलं नाही. वाटणं तिचं काम आहे.

जुनी पानं अजून फाडायची आहेत.

२८ फेब्रुवारी

फाडते आहे. थोडी थोडी.

प्रयोगशाळेत फोन केला, रजा किती उरली विचारायला. लंबू म्हणाला, कोण बोलतंय? पुष्कळ बोलला मग. पण ओळखलं नाही.

धाकटीचा मेसेज. मांजरासाठी आज रडली म्हणे, पोटभर. बरं वाटलं म्हणे. चांगलं—

पेन धरल्याचं बोटाला कळत नाही. अक्षर मात्र उमटतंय. तिच्यासारखं गोल—

आईला फोन लावला. ती म्हणाली, राँग नंबर. मग ठेवला नाही, तशीच थांबली. मीही. भांडी गप्प होती. मग म्हणाली, जेवलात का—

एक पान राहिलं आहे. स्टँडवरचं. ती चहा पिते, मी शेजारी—

एवढं ठेवावं का? एकच पान. गादीखाली—

नाही. दोन प्रती नकोत. चुकीची कुणीतरी—

तिने उचलली तर—

१ मार्च

आज आले! कसला कंटाळवाणा प्रवास, पण खोली काय गोड आहे. खिडकीतून सायकलवाल्याचं मांजर दिसतं, जिवंत, जाडं, आळशी. आल्या आल्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवून पाहिला, डुगडुगत नाही. हे मी का केलं कोण जाणे, स्वतःशीच हसले.

संपादिकाबाई म्हणाल्या, या लेखिकाबाई, तुमचं पुस्तक तयार आहे. माझं? हो, माझंच असणार, नाव माझंच आहे त्यावर. वरच्या खोलीत कुणी राहत होतं का, विचारलं. नाही म्हणाल्या. मग कपाटात माझ्याच मापाचे कपडे कसे? आणि ही वही? मागची पानं चाळली, अक्षर माझं नाही म्हणवत नाही, पण एवढी कोरडी मी कधी होते?

आईला पोचल्याचं कळवलं. ती म्हणाली, आज चहाचे दोन कप जास्त झाले गं. दोन्ही निवेपर्यंत बघत बसले.

खरं सांगायचं तर एक गोष्ट झाली, ती लिहून ठेवते. बाईंनी दार उघडलं तशी मी त्यांना बाजूला सारून जिना पळत चढले आणि खोलीच्या दारात उभी राहून मोठ्याने हाक मारली. हात पसरून. कुणीतरी मला मिठी मारून तापमान सांगणार असल्यासारखी.

खोलीत कुणी नव्हतं. मला बहीण नाही. मी एकटीच आहे, पहिल्यापासून.

मग हाक कुणाला मारली? तोंडाला तो शब्द अजून चिकटून आहे, आणि म्हणायला गेलं की रडूच येतं नुसतं, पुढे सरकत नाही. बोलून होत नाही तर लिहून बघते. सोपा शब्द आहे, छोटासा, रोजचा. ता